स्वभावाला औषध नाही?

तुमच्यापैकी जे बेंगळुरूच्या सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या सिग्नलवरून आले असतील, त्यांना मनःशांतीविषयी लगेच काही ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. त्यांनी दहा मिनिटं नुसतं बसावं. पंखा आहे, पाणी आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या घरी मी दोनदा जेवलो आहे. दोन्ही वेळा पहिला भात संपेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं नाही. तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला होता. आज त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावर मला तासभर फक्त जेवणाविषयी बोलायचं आहे. त्यांनी खुणेनं गप्प केलं असतं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. जन्म बेळगावचा, तीस वर्षं इथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. बेडकाचं पोट फाडून पोरांना दाखवलं आणि मनाचा विषय शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांचा आहे असं समजून चाललो. ती समजूत निवृत्तीनंतर मोडली. कशी मोडली, तेच आज सांगायचं आहे.

आपल्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. घराघरांत हे वाक्य रोज वापरलं जातं. नवरा चिडका आहे, स्वभावच. सासू किरकिरी आहे, स्वभावच. मुलगी अभ्यासाला बसली की तिचा जीव खालीवर होतो, तोही स्वभावच. म्हण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण स्वभाव म्हणून आपण जे गाठोडं पाठीवर घेऊन फिरतो, त्यातलं सगळंच आपलं असतं का? माझं म्हणणं एवढंच आहे की त्यातला थोडा माल, थोडाच, ताटातून आणि पेल्यातून आलेला असतो. तो निघून गेला की जी शांतता येते ती ओळखीची वाटत नाही. कशी वाटेल? तिच्यात आपण कधी राहिलेलोच नसतो.

सुरुवात पेल्यापासून करतो.

बेंगळुरूत राहून कॉफी न पिणारा माणूस म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का न लावणारा. आपल्या राज्यात देशातली सुमारे 70 टक्के कॉफी पिकते. बाबा बुडन यांनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या, ही चिक्कमगळूरची कथा इथल्या पोराटोरांना पाठ असते. मी रोज सहा कॉफ्या प्यायचो. उठल्याबरोबर एक, आंघोळीनंतर एक, कॉलेजात अकराला, साडेतीनला, घरी आल्यावर सहाला, आणि जेवणाआधी तासभर पेपर चाळताना एक. शिवाय दर्शिनी हॉटेलापुढे उभं राहून मारलेली बाय-टू, म्हणजे एका कॉफीचे दोघांत दोन भाग. बाय-टूची गंमत अशी की अर्ध्या कॉफ्या माणूस मोजतच नाही.

सहा वर्षांपूर्वी पित्तानं छाती जळायला लागली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर कॉफी बंद. पहिला दिवस रुबाबात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणी आडकित्ता लावून दाबतंय असं दुखायला लागलं. वर्तमानपत्रातलं वाक्य तिसऱ्यांदा वाचलं तरी डोक्यात शिरेना.

हे का होतं? दिवसभर मेंदू काम करतो तसतसा त्यात अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. त्याच्या बसायच्या ठरलेल्या खुर्च्या असतात. तो बसला की मेंदूला कळतं, आता पुरे, जरा टेकू या. कॅफिन काय करतं? येऊन त्या खुर्च्या अडवतं. स्वतः काही सांगत नाही, फक्त जागा अडवून बसतं. (अशी माणसं आपण प्रत्येक समितीत पाहिली आहेत.) रोज खुर्च्या अडताहेत म्हटल्यावर मेंदू नव्या खुर्च्या मांडतो. मग एक दिवस कॅफिन येत नाही. जुन्या-नव्या सगळ्या खुर्च्यांवर अ‍ॅडिनोसिन पसरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत हे सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत कळसाला जातं आणि नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी 2013 साली आपल्या निदानांच्या यादीत त्याला जागा दिली. म्हणजे हा नुसता लाडावलेपणा नव्हे.

आता बाराव्या दिवसाची गोष्ट. बँकेत गेलो होतो. हातात 84 नंबरचं टोकन आणि वर पाटीवर 61. एरवी माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. शेजारची खुर्चीसुद्धा हलते, लोक वळून बघतात. त्या दिवशी बसलो आणि थोड्या वेळानं वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. खिसे चाचपले. चावी होती, मोबाइल होता, पासबुक होतं. तरी चुकचुकल्यासारखं. मग खाली पाहिलं. पाय हलत नव्हता.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. छे! मी घाबरलो. रक्तदाब उतरला की काय, साखर कमी झाली की काय, असलं काहीतरी डोक्यात आलं. घरी आलो तर बायको म्हणाली, “अहो, बरं नाही का तुम्हाला? सकाळपासून कुणावर ओरडला नाहीत.” म्हणजे ती शांतता मला ओळखू आली नाही आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसालाही नाही. दोघांनाही तो आजारच वाटला.

मला हा सगळा प्रकार विचित्र वाटतो तो इथे. मी विद्यार्थ्यांना कॅफिन शिकवत होतो. फळ्यावर त्याचं सूत्र काढत होतो. आणि वर्गात खडू आपटणारा मी, ‘सर तापट आहेत’ अशी ख्याती असलेला मी, त्या सूत्राचा आणि त्या खडूचा संबंध तीस वर्षांत लावू शकलो नाही.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि आयसीएमआर यांनी 2024 मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली, तीत दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा दिली आहे. दीडशे मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम असतं. माझा हिशेब तुम्हीच करा. अर्थात सगळ्यांचं शरीर सारखं नसतं. आमच्या शेजारचे गृहस्थ रात्री दहाला स्ट्राँग कॉफी घेतात आणि साडेदहाला त्यांचं घोरणं आमच्या बाल्कनीत ऐकू येतं. यकृत कॅफिन किती भरभर मोडतं हे ज्याच्या त्याच्या जनुकांवर असतं. त्यामुळे उद्या सकाळी उठून सगळ्यांच्या घरातले कॉफी फिल्टर भंगारात जावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही.

हा झाला वजाबाकीचा प्रकार. त्रास देणारं काढून घेतलं. दुसरा प्रकार बेरजेचा, आणि त्याची गोष्ट माझ्या पायापेक्षा फार मोठी आहे.

पेलाग्रा हे नाव किती जणांनी ऐकलंय? नसेल ऐकलं, तर चांगलंच आहे. अठराव्या शतकात स्पेनमध्ये कासाल नावाच्या वैद्यानं या रोगाचं वर्णन केलं. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळी, खरखरीत होते, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो. पोट बिघडतं. आणि मन बिघडतं. ते मात्र पुष्कळदा सगळ्यात आधी. झोप उडते, चिडचिड होते, उगाच भीती वाटते, रडू येतं, आठवत नाही. पुढे भ्रम, आणि शेवटी मृत्यू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग माजला होता. तिथली मनोरुग्णालयं अशा माणसांनी भरली होती. लोक काय म्हणत होते? कुणी म्हणे जंतू, कुणी म्हणे रक्तातच खोट, गरिबांची जातच तशी.

जोसेफ गोल्डबर्गर नावाचा सरकारी डॉक्टर तिथे गेला आणि त्यानं एक साधी गोष्ट पाहिली. रुग्णांना हा रोग होतो, पण त्यांच्या उशापायथ्याशी वावरणाऱ्या नर्सेसना होत नाही. रोग लागट असेल तर हे कसं? मग दोघांच्या ताटांत फरक काय? रुग्णांच्या ताटात मका, काकवी आणि चरबी. नर्सेसच्या ताटात दूध, मांस, अंडी. 1914 पासून त्यानं अनाथाश्रमांत आणि जॉर्जियाच्या मनोरुग्णालयात ताट बदललं आणि रोग ओसरला. 1915 मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर 11 कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, मक्याच्या आहारावर ठेवलं. त्यातल्या सहा जणांना पेलाग्रा झाला. तरी लोकांना पटेना. तेव्हा त्यानं, त्याच्या बायकोनं आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. आणखीही काही केलं, पण अजून तुमची जेवणं व्हायची आहेत, म्हणून सांगत नाही.

कमी होतं ते काय? नियासिन. बी गटातलं एक जीवनसत्त्व. 1937 मध्ये एल्व्हेजेम यानं ते ओळखलं. पुढच्याच वर्षी पेलाग्राच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं, तर भ्रमिष्ट झालेली माणसं काही दिवसांत शुद्धीवर आली, नातेवाइकांना ओळखू लागली. डोळ्यांपुढे आणा. काल खाटेला बांधून ठेवलेला माणूस आज विचारतो, मी इथे कसा?

हे दूरच्या देशातलं झालं म्हणाल, तर तसंही नाही. आपल्या शेजारी, हैदराबादच्या आसपास, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा होता. डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. ते जास्त झालं की शरीराला ट्रिप्टोफॅनपासून नियासिन बनवणं अवघड जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे वाद झाले, ते असोत. पण मी बेळगावचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. हे वाचलं आणि मला वाटलं, मग सोलापूर, विजापूर, कलबुर्गी इकडची सगळी माणसं वेडी का झाली नाहीत? उत्तर भाकरीशेजारी आहे. शेंगाचटणी! शेंगदाण्यात नियासिन भरपूर असतं. उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटणाऱ्या बाईला नियासिन हा शब्द माहीत नव्हता. भाकरीशेजारी काय लागतं ते तिला माहीत होतं. ज्याच्या घरी चटणीलाही दाणे नव्हते, डाळ नव्हती, ताक नव्हतं, पेलाग्रा त्याला झाला. आणि त्याच्याबद्दल गाव काय म्हणत असेल? डोक्यानं जरा हाच आहे. स्वभाव.

आता घरातलंच एक सांगतो. माझी अक्का, थोरली बहीण, बेळगावला असते. पक्की शाकाहारी. एकादशी, संकष्टी, चातुर्मास, सगळं काटेकोर. दूध चहापुरतं. पंचाहत्तरी जवळ आली तशी ती फार चिडायला लागली. सुनेनं भांडं खणकन ठेवलं की रडायची. किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरायची. सगळे म्हणाले, वय झालं, आणि अक्काचा स्वभाव तर पहिल्यापासूनच. ती मात्र एकच तक्रार करत होती, “तळपायात मुंग्या येतात रे.” त्या मुंग्यांनी तिला वाचवलं. रक्त तपासलं, बी-12 अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांनी मी गेलो तर ओट्यावर बसून सुनेबरोबर मेथी निवडत होती. मला म्हणाली, “सोसायटीतली पोरं हल्ली कमी दंगा करतात, नाही?” पोरं होती तशीच होती.

बी-12 कुठल्याही वनस्पतीत तयार होत नाही. ते सूक्ष्मजीव बनवतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. पण ते नसेल तर मज्जातंतूंचं आवरण झिजतं, आणि यकृतातला साठा पुष्कळ दिवस पुरत असल्यानं ही झीज वर्षानुवर्षं कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक बायकांत बी-12 कमी आढळलं. आणि माझ्यासारख्यांनी कान द्यावा: पित्ताच्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 आणखी कमी शोषलं जातं.

इथे मला एक अडचण येते आणि ती मी तुमच्यापुढे ठेवतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत हे आपण सगळे जाणतो. सात्त्विक खावं, मन शांत होतं. आमची अक्का तेच तर खात होती. चाळीस वर्षं! मग शांतता गेली कुठे? गीतेवर टीका करण्याइतका मी मोठा नाही. पण सात्त्विक म्हणजे फक्त काय वगळायचं याची यादी, असा अर्थ आपण करून बसलो आहोत. कांदा वगळा, लसूण वगळा, अंडं वगळा. ताटात काय उरलं, हे कुणी पाहिलं?

या शहरात एक माणूस येऊन राहिला होता, ज्यानं आयुष्यभर याच प्रश्नाशी झोंबी घेतली. 1927 च्या मार्चमध्ये आपल्याच सीमाभागात दौरा करताना गांधीजी आजारी पडले. आधी आंबोलीला विश्रांती, मग नंदी हिल्स, आणि जूनपासून इथे कुमार पार्कमध्ये. डॉक्टरांनी दगदग करायची नाही म्हणून सांगितलं होतं. तर हे निघाले आडुगोडीच्या सरकारी डेअरीत गाई सांभाळायला शिकायला! तिथल्या वहीत त्यांनी स्वतःची ओळख साबरमतीचा शेतकरी अशी लिहिली.

यातली गंमत लक्षात घ्या. गाई शिकायला आलेला हा माणूस गाईचं दूध पीत नव्हता. दुधानं विकार वाढतात असं त्यांना वाटे, गवळी जनावरांचे हाल करतात तेही सोसवत नव्हतं, म्हणून त्यांनी दूध सोडलं होतं. 1918 मध्ये आजारानं खाट धरली, डॉक्टर म्हणाले दुधाशिवाय उपाय नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीचं कुठे आहे? ते शेळीचं दूध प्यायले आणि उठून बसले. शरीर सुधारलं. पण मन? व्रताचा शब्द राखला आणि आत्मा मारला, ही टोचणी त्यांना पुढे कायम राहिली. आत्मचरित्रात ते स्वच्छ लिहिलंय. म्हणजे आहार बदलला, प्रकृती सुधारली, आणि शांतता उलट गेली! माझ्या खुर्च्यांच्या हिशेबात ही गोष्ट बसत नाही, म्हणूनच मी ती सांगितली. माणूस ताटातलं अन्नच खातो असं नाही, त्या अन्नाविषयी त्यानं स्वतःला दिलेला शब्दही खातो.

आता शास्त्र आज कुठे आहे? थोडक्यात सांगतो, कारण इथे बाजारात फार गोंधळ आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटानं 2017 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेली 67 माणसं. निम्म्यांना 12 आठवडे भाज्या, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार नीट शिकवला. बाकीच्यांशी नुसत्या गप्पा मारल्या, सोबत दिली. आहारगटातले 32 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातले 8 टक्के. मोठा फरक. पण माणसं 67, आणि आपल्याला आहार मिळतोय हे आहारवाल्यांना माहीत होतं. 2019 मध्ये युरोपात जास्त वजनाच्या हजाराहून अधिक माणसांवर दुसरा प्रयोग झाला. नैराश्य येण्याआधीच पोषक द्रव्यांच्या गोळ्यांनी किंवा खाण्याच्या सवयी बदलून ते टाळता येतं का, हे पाहिलं. नाही आलं. दोन्ही खरं आहे. ज्याला पहिलं सांगून काही विकायचं असतं तो दुसरं सांगत नाही.

‘आनंदाचं सेरोटोनिन 90 टक्के पोटात बनतं’ हे वाक्य तुम्ही मोबाइलवर वाचलं असेल. बनतं. पण पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही, मेंदू आपलं आपण वेगळं बनवतो. पोट आणि मेंदू बोलतात, व्हेगस नावाची लांबलचक नस आहे, ते सगळं ठीक. पण दही खाल्लं आणि दुःख गेलं, इतकं ते सरळ नाही. आणि कृपा करून माझं व्याख्यान ऐकून कुणी मनाच्या गोळ्या बंद करू नका. होसूर रोडवर निम्हान्ससारखी मनोविकारांवर उपचार करणारी संस्था आपल्या शहरात आहे, तिथे लोक देशभरातून येतात, आपल्याला तर बसनं जाता येतं.

एक गोष्ट उरली, आणि ती बोलायला मला थोडी लाज वाटते. कॉफी सोडल्यावर मला हुरूप आला. म्हटलं आता सगळंच बदलू. सकाळी रागी मुद्दे, दुपारी कमी तेल, रात्री आठच्या आत जेवण. रागी मुद्दे कसं करतात पाहिलंय? उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं, हलवायचं नाही, आतपर्यंत शिजू द्यायचं, मग लाकडी काठीनं पातेलं पायात धरून घोटायचं. गुठळी राहता कामा नये. मनगट भरून येतं. मग ओल्या हातानं तो चटकता गोळा वळायचा. मी टेबलाशी बसून सारात बुडवून, न चावता गिळत होतो आणि मला फार शांत वाटत होतं. आठव्या दिवशी आत डोकावलो, तर बायको मनगटाला बाम लावत होती.

घरातल्या एकाला आलेली शांतता कुणाच्या मनगटातून आली, हे त्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात कुणी मोजलं नाही. तेव्हापासून पीठ मी घोटतो. गुठळ्या राहतात. बायको त्या बोटानं फोडते आणि काही बोलत नाही. तिच्या स्वभावात हे नव्हतं, पण तिनेही कॉफी कमी केलीय, त्यामुळे नक्की कशामुळे ते सांगता येत नाही.

साडेसात झाले. मागच्या दारातून डिकॉक्शनचा वास येतोय तो मला इथे व्यासपीठावर कळतोय, तुम्हाला तर केव्हाच कळला असेल. कार्यकर्त्यांनी प्रत्येकासाठी कॉफी ठेवली आहे, नाही म्हणू नका. फक्त एवढं लक्षात असू द्या, कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. आत्ता घेतलीत तर रात्री साडेबारालाही निम्मी कॉफी तुमच्या सोबत जागी असेल. मला अर्धीच घ्यायची आहे. बाय-टूला कोण येतंय?